अकरा माणसांचं आवतण

१ डिसेंबर, सोमवार

ही डायरी ऑफिसात जानेवारीतच वाटली होती. अकरा महिने ती तांदळाच्या पिंपाखाली होती, कारण पिंप एका बाजूने डुगडुगतं. काल सासूबाईंनी तिथे फरशीचा तुकडा सरकवला आणि डायरी मोकळी झाली. एक महिना उरला आहे. कोरा घालवणं माझ्याच्याने होत नाही.

पहिल्या पानावरची माहिती भरली. नाव: काशी. हुद्दा: हेडक्लार्क, भातबियाण्याची कंपनी, मुरबाड. वय: चव्वेचाळीस. रक्तगट: माहीत नाही. 'तातडीच्या प्रसंगी कुणास कळवावे' इथे सासूबाईंचं नाव घातलं, बाईजा. त्यांना मोबाइल उचलता येत नाही. पण माझा नवरा महादू जाऊन चौदा वर्षं झाली, मूलबाळ नाही, सरळगावच्या घरात आम्ही दोघीच. दुसरं नाव आणू कुठून?

आजची बातमी अशी की वर्षअखेरीला प्रत्येक शाखेने कर्मचाऱ्यांना पार्टी द्यावी आणि फोटो पाठवावेत, असा हेड ऑफिसचा हुकूम आला आहे. आमचे प्रज्वलसाहेब पुण्याचे. वय एकोणतीस, इथे येऊन चार महिने. म्हणाले, "काशीताई, अकरा माणसं आहेत आपली. दोन तासांचं काम."

मी हो म्हटलं. जेवणावळ कुठलीही असो, काम माझ्याकडेच येतं. मी यादी करते, वाढप बघते आणि सगळे उठले की आत उभ्या उभ्या काहीतरी खाते. पंगतीत बसत नाही. बसू नको असं कुणी म्हटलेलं नाही, आणि बस असंही कुणी म्हटलेलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

साहेबांनी ग्रुपवर टाकलं: गुरुवार १८ डिसेंबर, रिसॉर्ट, चिकन तंदुरी.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार! निम्म्या बायकांचं उद्यापन. आमची स्नेहल, कॉम्प्युटरवर बसते ती, तिने उत्तरादाखल नुसते जोडलेले हात टाकले. साहेबांना वाटलं, आभार मानतेय. मी केबिनमध्ये जाऊन कॅलेंडर समोर धरलं, तेव्हा तारीख रविवार २८ वर गेली.

नव्या तारखेवर सात अंगठे आले आणि दोन फुलं. येणार की नाही, ते कुणीच लिहिलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आज ऑफिसात विचित्रच झालं. गोजाबाई चहा घेऊन केबिनमध्ये गेली आणि बाहेर यायलाच तयार नाही. ही आमच्या शेजारची, सासूबाईंची जिवाची मैत्रीण. साहेबांना म्हणाली, "सायेब, मोबाइलवं आवतान देतात काय कदी? घरी येऊन अक्षता दिल्याबिगर आमच्यातला मानूस जेवाय येत नाय."

साहेब म्हणाले, "ऑफिसच्या पार्टीला अक्षता?"

"जेवान म्हनजे जेवान. आनि आवतान दोघांनी मिळून देतात. एकट्याचा कोन घेत नाय."

स्नेहल लगेच, "हो सर, आमच्याकडे असंच असतं." मग मी वयाने मोठी म्हणून मी जायचं, आणि जीप चालवायला भगीरथ असतोच, म्हणून दुसरा तो, असं दहा मिनिटांत ठरलं. आमच्या ऑफिसात पंखा दुरुस्त करायचं ठरायला तीन महिने लागतात.

भगीरथ म्हणजे आमचा ड्रायव्हर. टोकावड्याचा, पन्नाशीला आलेला. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, भावाच्या घरी राहतो. माणूस निर्व्यसनी म्हणावा तर परवापर्यंत तंबाखू होती, हल्ली तीही दिसत नाही. दात दुखतो का विचारलं, तर नाही म्हणाला. त्याची एक गोष्ट मला खटकते. अख्खं ऑफिस, साहेबांसकट, मला काशीताई म्हणतं. हा तेवढा म्हणत नाही. सहा वर्षं झाली, "अहो, जीप लावलीय" एवढंच. एखाद्याला रीतच नसते.

८ डिसेंबर, सोमवार

आवतणाचा पहिला दिवस. निघताना गोजाबाईने अक्षतांची वाटी भगीरथच्या हातात दिली. "ताई बोलंल, तू अक्षता दे." बरं झालं. माझ्या हातच्या अक्षता कुणी घेतल्या असत्या की नाही, ही धाकधूक मला दोन दिवस होती. मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

जीपच्या मागे बियाण्याच्या चार गोणी भरलेल्या, किन्हवलीच्या दुकानात टाकायच्या म्हणे. म्हणून मला पुढे बसावं लागलं. पायरीपाशी एक नवा लाकडी पाट ठोकलेला दिसला. गोजाबाईचे गुडघे धरतात, तिच्यासाठी असणार. मलाही चढायला सोयीचा पडला.

धसईला स्नेहलच्या घरी गेलो. चहा झाला, गप्पा झाल्या. उठताना तिची आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं आणि करंडा पदराआड मागच्या फळीवर ठेवला. मग उगीचच माझ्या हातात चार पेरू दिले. मला राग नाही आला. चौदा वर्षांत सवय होते. फक्त त्या वेळी कुठे बघायचं ते अजून कळत नाही. मी पेरूंकडे बघितलं.

येताना भगीरथ गियर दणादण टाकत होता.

१० डिसेंबर, बुधवार

तीन घरं झाली. भगीरथच्या वागण्याचा मला वीट आला आहे. चहाचा कप खाली ठेवायची खोटी, की हा उठतो. "चला, घाई हाय." कसली घाई? बाहेर येऊन जीप वीसच्या वेगाने चालवतो. आजच्या घरी तर माझ्या बशीत अर्धा चहा तसाच राहिला. त्या बाई आत काहीतरी आणायला वळल्या होत्या, तोवर हा चपला घालून अंगणात! मी जीपमध्ये चांगली झाडली. "माणसांत बसायची सवय नसेल तर सांगा, मी उद्यापासून एसटीने जाते."

"नको. एसटी येळंवर नाय," म्हणाला आणि सरळगावच्या नाक्यावर जीप थांबवून गरम भजी घेतली. मिरची वेगळी बांधून. मला मिरची लागत नाही, हे याला कुणी सांगितलं कोण जाणे.

त्याचा मोबाइल नंबर डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, 'तातडीच्या प्रसंगी'च्या ओळीत. आडरानात जीप बंद पडली तर सोय असावी. दुसरीकडे जागा नव्हती.

११ डिसेंबर, गुरुवार

आज भातसानगर. रत्नदीप आमचा फिरतीवरचा माणूस, त्याचे वडील धरणावर नोकरीला होते. किन्हवलीवरून गेलो, पण गोणी उतरवल्या नाहीत. दुकान बंद होतं म्हणाला. मला शटर उघडं दिसलं.

रत्नदीपची आई भिमीबाई दारातच भेटल्या. जय भीम झालं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मोगऱ्याची कुंडी. मला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. तिथे करंडा निघायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे वगळायचाही नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी दोनदा चहा घेतला. आणि गंमत म्हणजे भगीरथला आज घाई नव्हती! तासभर बसला. धरणाच्या पाण्यावर बोलला. एवढं बोलता येतं याला, हे मला सहा वर्षांत ठाऊक नव्हतं.

निघताना भिमीबाई म्हणाल्या, "जोडीनं आलात, बरा वाटला."

मी घाईघाईने सांगितलं की हे आमचे ड्रायव्हर. भगीरथने काहीच दुरुस्ती केली नाही. अक्षतांची वाटी सदऱ्याला पुसत बसला.

१५ डिसेंबर, सोमवार

साहेब खुर्चीत बसून घाम पुसत होते. कारण आकडा. अकरा माणसांची पार्टी, आज पाच घरं व्हायची बाकी असताना आकडा सत्तर झाला आहे. साहेबांना वाटतं मी मोजण्यात चुकले. मी त्यांना समजावलं, की दारात सासू, दीर, जाऊ, पोरं उभी असताना एकट्या नोकरीवाल्यालाच 'तू ये' म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय भगीरथ प्रत्येक दारात खणखणीत आवाजात सांगतो, "चूलबंद यायचा!" म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. एरवी तोंडातून शब्द निघत नाही, इथे मात्र दाता झाला आहे.

रिसॉर्ट रद्द. आता गोदामापुढच्या पटांगणात मांडव, मटण, तांदळाच्या भाकऱ्या, आणि न खाणाऱ्यांना वालाचं बिरडं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज एका घरची बाई बोलून गेली, "ताई, तुमी कशाला तरास घेतलात? स्नेहलनी फोन केलता. आमी येनारच व्हतो." मी ऑफिसात येऊन स्नेहलला खडसावलं, की फोनवर येतात तर आम्हाला कशाला उन्हातान्हात फिरवता? ती वहीत तोंड घालून खोकत बसली. पलीकडे गोजाबाईलाही तेव्हाच खोकला लागला. हवाच खराब आहे सध्या.

२३ डिसेंबर, मंगळवार

सासूबाई रोज संध्याकाळी माझी उलटतपासणी घेतात. आज कुठं गेलीस? पुढं बसलीस का मागं? मी म्हटलं, "पुढेच. मागे गोणी आहेत."

"आजून हायेत?"

"आहेत. पंधरा दिवस त्याच चार गोणी तालुकाभर फिरताहेत. चलन मी केलेलं नाही, स्नेहलने केलं असेल. एकदा सगळ्यांची हजेरी घेणार आहे."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, जानेवारीत म्हसा गावची जत्रा आहे, घोंगडी आणायची. मी म्हटलं भगीरथही जत्रेचं विचारत होता, येणार का म्हणून. "मंग काय म्हनलीस?" म्हटलं, "मला वेळ नाही."

त्या एकदम चिडल्या. घोंगडीवरून एवढं चिडायला काय झालं? मग उठून गोजाबाईकडे गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत आल्या नाहीत. म्हातारपणी माणूस हट्टी होतं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

यादी पुरी झाली. एकशे चार माणसं. टाइप करून भगीरथला वाचायला दिली, घर राहायला नको म्हणून. त्याने बोट लावून दोनदा वाचली.

"एक घर ऱ्हायलाय," म्हणाला.

"कुठलं?"

त्याने यादी घडी घालून परत दिली आणि जीप धुवायला गेला. मी तीनदा तपासली. अकरा कर्मचारी म्हणतात साहेब, पण यादीत दहाच घरं आहेत. अकरावं कोण, हे लक्षात यायला मला दुपार उलटली. वेडीच मी. पण माझं काय, मी तर कामाला असणारच.

२७ डिसेंबर, शनिवार

सासूबाई झोपल्या, आता लिहिते.

दुपारी अंगणात जीप आली. भगीरथ नव्या सदऱ्यात, हातात अक्षतांची वाटी. बरोबर गोजाबाई, कारण आवतण एकट्याने देत नाहीत. सासूबाईंनी चटई आधीच अंथरली होती. कशी काय, ते मी तेव्हा विचारलं नाही.

त्याने वाकून सासूबाईंना अक्षता दिल्या. "बाईजाआये, उद्या जेवाय यायचा. चूलबंद." मग माझ्यासमोर उभा राहिला. मला हात पुढे करायचं सुचेना. गोजाबाई म्हणाली, "घे गो." मी ओंजळ केली. चौदा वर्षांत माझ्या हातात अक्षता कुणी दिल्या नव्हत्या. घरी आवतण येई ते सासूबाईंच्या नावाने.

सासूबाईंनी विचारलं, "आवतान उद्याच्या जेवनाचाच हाय, का आनखी कसला?"

भगीरथ वाटीत बघत राहिला. म्हणाला, "यांनी हो म्हटला तं आनखी पन हाय. नाय म्हटला तं जेवनाचा तरी हायेच."

मला सगळं एकदम दिसलं. अंगठे, फोन, खोकला, पाट, भजी. सगळ्या ऑफिसने मिळून मला गावोगाव फिरवलं होतं! मी आत गेले आणि दार लावून घेतलं. जीप गेल्याचा आवाज ऐकला. मला इतका राग आला होता की रडूही येईना. या वयात माझी अशी चेष्टा. स्नेहलला फोन करून सांगितलं, उद्या मी येणार नाही, यादी टेबलावर आहे.

सासूबाई दाराबाहेरूनच बोलल्या. "तो घाई हाय, घाई हाय करून उठायचा, तो का गो?"

"मला काय माहीत! रीत नाही त्याला."

"स्नेहलच्या आयशीनं करंडा मागं सारला, त्यो त्यानं बघितला. मंग फुडं कंच्याबी घरात करंडा निघंपर्यंत तुला बसू दिली नाय. गोजाला सांगताना डोळं पुसत व्हता."

मला भातसानगरची दोन कप चहाची बैठक आठवली. त्या एका घरी त्याला घाई नव्हती.

"माजा मानूस गेला तवा मी तुज्यापरीस लहान व्हते," सासूबाई म्हणाल्या. "मला कुनी इचारलाच नाय. तुला इचारलाय. नाय म्हनायचा तं नाय म्हन. पन तोंडावं म्हन, दाराआड नको."

मी दार उघडलं. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, ओंजळीत अक्षता तशाच धरून. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. तेव्हा कुठे रडू आलं.

२८ डिसेंबर, रविवार

गेलो दोघी. घरात चूल पेटवली नाही.

एकशे चार म्हणता म्हणता एकशे तीस झाले. साहेब स्वतः भाकऱ्यांची टोपली घेऊन पळत होते. मी सवयीने पदर खोचून वाढायला निघाले, तर भिमीबाईंनी हातातलं भांडं काढून घेतलं आणि मला पंगतीत बसवलं. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला एक पान रिकामं. तिथे कोण येणार हे सगळ्या मांडवाला ठाऊक होतं, बसणाऱ्यालाच तेवढा धीर होत नव्हता. शेवटी गोजाबाईने त्याला ढकललं.

मटण तिखट होतं. मी सगळं खाल्लं. पंगतीत बसून जेवताना अन्न गरम असतं, हे मी विसरून गेले होते.

जेवणं उरकत आली तशी बायकांत करंडा फिरू लागला. स्नेहलची आई एकेकीला कुंकू लावत आमच्या रांगेत आली. भगीरथने मान वर केली, तिला पाहिलं, आणि तसाच उष्ट्या हाताने उठायला लागला. "चला. घाई हाय."

मी म्हटलं, "बसा हो. कसली घाई आहे?"

तो अर्धवट वाकलेलाच थांबला. मग बसला. स्नेहलच्या आईचा हात करंड्यात अडकल्यासारखा झाला होता. तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "माज्याकडं काय बघतेस? तिला इचार." मी कपाळ पुढे केलं. तिचं बोट गार होतं आणि थोडं कापत होतं. माझं कपाळ मात्र कापलं नाही.

भगीरथ पत्रावळीकडे बघत म्हणाला, "अहो, भाकरी घ्या." ताई नाही म्हणाला. बरं केलं.

३१ डिसेंबर, बुधवार

हेड ऑफिसची विचारणा आली आहे, की फोटोतले कर्मचारी नेमके कोणते. साहेब प्रत्येकाच्या डोक्यावर लाल गोल काढत बसले आहेत. भगीरथच्या आणि माझ्या डोक्यांना मिळून एकच गोल पडला. जागा कमी होती म्हणतात.

वर्षअखेरीचा साठा मोजायला मी सकाळीच जीपमधल्या त्या चार गोणी उतरवून घेतल्या. एकेक गोण एका हाताने उचलली गेली. सोडून पाहिल्या. बियाणं कुठलं, भाताचा तूस! स्नेहल पळाली, गोजाबाईला पळता येईना म्हणून ती तिथेच बसून हसत राहिली. मी चौघांचीही हजेरी घेतली, साहेबांसकट. त्यांनी म्हणे चौथ्या दिवशीच ओळखलं होतं.

डायरीची पानं इथे संपतात. शनिवारी म्हशाची जत्रा. घोंगडी आणायला मी आणि भगीरथ जाणार आहोत. सासूबाईंना चला म्हटलं, तर गुडघे दुखतात म्हणाल्या. आता जीपमध्ये मागे भरपूर जागा आहे. मी पुढेच बसणार.